पाली दरवाजाची सोपी वाट

ट्रेकची तारीख ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘गड कसा आहे? सोपा की अवघड?’ मी बरीच वर्षं पुण्यातून लोकांना डोंगरात घेऊन जात होते आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर असायचं. सिंहगड आतकरवाडीतून सोपा. कळसूबाई बारीतून मध्यम, शिड्या आहेत म्हणून. हरिश्चंद्रगड पाचनईकडून सोपा, खिरेश्वरहून तोलार खिंडीने मध्यम, आणि नळीच्या वाटेचं नाव सरावातल्या माणसांनीच काढावं. राजगड गुंजवण्याहून चोर दरवाजाने मध्यम, पालीकडून सोपा. समोरचा माणूस ते ऐकून निर्धास्त व्हायचा. एकच डोंगर वाटेगणिक बदलतो, हे मला चांगलं माहीत होतं आणि नवख्यांना मी ते आवर्जून सांगायचे. तोच डोंगर माणसागणिकही बदलतो, आणि एकाच माणसासाठी या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरा असू शकतो, हे मात्र माझ्या हिशेबात कधीच नव्हतं. माझी सगळी सोपी-मध्यम-कठीण ही श्रेणी माझ्याच धडधाकट पायांवरून ठरलेली होती.

एका वर्षी पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर माझी स्कूटर घसरली. उजवा पाय जमिनीवर रोवला गेला आणि शरीर त्याच्यावर फिरलं. खरचटलं फारसं नाही, पण गुडघा सरळ होईना. एमआरआयमध्ये कळलं की आतल्या बाजूची गादी कडेपासून सुटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकली आहे. गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये. या गादीला रक्तपुरवठा असतो तो मुख्यतः तिच्या बाहेरच्या कडेला. आतल्या भागात फाटलं तर ते सहसा जुळून येत नाही, म्हणून तो तुकडा कापून टाकतात. कडेला फाटलं असेल तर टाके घालून वाचवता येते. माझं फाटलेलं कडेला होतं. सर्जनने दुर्बिणीतून टाके घातले आणि सांगितलं, ‘तुमची गादी वाचली आहे. आता ती जुळेपर्यंत सांभाळायचं काम तुमचं.’

सांभाळायचं म्हणजे काय, तेही कागदावर लिहून मिळालं होतं. आधी ब्रेस आणि कुबड्या, मग हळूहळू वजन टाकणं, मग सायकल. निदान चार महिने उकिडवं बसायचं नाही आणि काटकोनाच्या पुढे वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा भार टाकायचा नाही. गुडघा जितका जास्त वाकतो, तितका गादीचा मागचा भाग हाडांमध्ये चेपला जातो, आणि टाके नेमके तिथेच होते.

ते सगळं मी नीट पाळलं. सुरुवातीचे आठवडे कठीण गेले, पण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. घरच्यांनी खूप केलं. खरी अडचण नंतर आली. दुखणं थांबलं आणि गुडघ्याची मला आठवण राहीनाशी झाली.

त्याच सुमारास आमच्या ग्रुपमधला एक मित्र भेटला. त्याचंही गादीचंच ऑपरेशन झालेलं, माझ्या आदल्या वर्षी. तो म्हणाला, ‘दीड महिन्यात मी तिकोन्याला जाऊन आलो. तू एवढी घाबरतेस कशाला?’ हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. दोघांचं ऑपरेशन एकाच नावाचं, दोघांच्या गुडघ्यावर तशीच दोन बारीक छिद्रं. पण त्याची गादी कापली होती आणि माझी शिवली होती. कापलेल्या गादीला जुळून यायचं नसतं, त्यामुळे सूज उतरली की माणूस चालायला लागतो. शिवलेलीला महिने लागतात. हा फरक मला सर्जनने चित्र काढून समजावला होता. तरी मी मित्राच्या दीड महिन्याशी माझे महिने ताडून पाहिले आणि आपण मागे पडलो आहोत असं ठरवलं.

मग मी स्वतःची परीक्षा घ्यायला पर्वतीवर गेले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पुण्यातला कितीतरी माणूस आजारातून उठल्यावर तिथेच स्वतःला अजमावतो. मी न थांबता चढले, देवदेवेश्वराला नमस्कार केला, खाली आले. गुडघा दुखला नाही. दुसऱ्या दिवशी सूजही नव्हती. पुढच्या आठवड्यात दोनदा चढले, तेव्हाही काही नाही. मला वाटलं, झालं.

पर्वतीच्या पायऱ्या ठेंगण्या आणि ऐसपैस आहेत. पाऊल टाकलं की गुडघा जेमतेम वाकतो. तिथे तपासला जातो तो दम. गुडघ्याला तिथे फारसं काही विचारलंच जात नाही. आणि उतरताना मी प्रत्येक वेळी उजवा पाय आधी खाली टाकत होते. फिजिओथेरपिस्टने शिकवलंच तसं होतं: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. असं उतरलं की वाकून शरीराचं वजन हळूहळू खाली सोडण्याचं काम मागच्या, म्हणजे चांगल्या पायाकडे राहतं. म्हणजे पर्वतीवर चढताना आणि उतरताना सगळं काम माझ्या डाव्या पायाने केलं होतं, आणि पास मी उजव्याला केलं.

उजव्या पायाची खरी परीक्षा फिजिओच्या खोलीत होत होती. ती मुलगी मला एका बुटक्या पाटावर उभी करायची. उजव्या पायावर उभं राहून डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचं. समोर आरसा असायचा. त्यात मला स्वच्छ दिसायचं की खाली जाताना माझा उजवा गुडघा थरथरतो आणि आतल्या बाजूला कलतो. तिने दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला, तर उजवी अजून बारीक होती. ‘मॅडम, हा गुडघा आत जायचा थांबेपर्यंत पुढचं काही नाही,’ ती म्हणाली. डोंगर उतरणं म्हणजे हीच हालचाल, पाटाच्या दुप्पट उंचीवरून, शेकडो वेळा. मला जे जाणून घ्यायचं होतं त्याचं उत्तर आरशात समोर उभं होतं. मी त्याला व्यायाम समजले.

सर्जनकडे तपासणीला गेले तेव्हा मी विचारलं, ‘डॉक्टर, आता चालायला हरकत नाही ना?’

‘चाला की. रोज चाला.’

‘थोडा चढ-उतार असला तर?’

‘सावकाश चाला. दुखलं तर थांबा.’

एवढंच बोलणं झालं. राजगड हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारला असता तर काय ऐकावं लागलं असतं, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या मनात रस्त्यावरचा चढ असणार, माझ्या मनात पाली दरवाजा होता. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, ‘डॉक्टरांनी परवानगी दिली.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला हवं तेच येईल अशा बेताने तो विचारला, तर त्या उत्तराची जबाबदारी विचारणाऱ्याची असते. ती माझी होती.

राजगडासाठी डिसेंबरातला रविवार ठरला. आमच्या ओळखीतली काही तरुण मुलं-मुली आणि एक-दोन जुने सोबती. एका मुलीचा तो आयुष्यातला पहिला ट्रेक होता. ‘ताई, मला जमेल ना?’ तिने फोनवर विचारलं होतं, आणि मी ‘पालीकडून सोपा आहे गं’ असं सांगितलं होतं. राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी, आणि पाली दरवाजाची वाट हा तिचा राजमार्ग. वाट प्रशस्त आहे, पायऱ्या आहेत, दरवाजा एवढा उंच की अंबारीसह हत्ती आत यावा. मी या वाटेने इतकी वेळा गेले होते की डोळे मिटले तरी दिसावी.

वेळेचं गणितही मी मांडलं होतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो जगभरचे भटके अजून वापरतात: तीन मैल चालायला एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला वर एक तास. त्यात उताराचा वेगळा हिशेबच नाही. पुढे एरिक लँगमुर याने दुरुस्ती केली, की सौम्य उताराला वेळ कमी लागतो आणि तीव्र उताराला उलट जास्त लागतो. हे मी नवख्यांच्या शिबिरात फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. तरीही त्या दिवशीच्या आखणीत मी चढायला अडीच तास आणि उतरायला दीड तास धरला. हा ठोकताळा धडधाकट माणसासाठी आहे, एवढीही नोंद मी केली नाही.

आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. जुन्या सोबत्यांना ऑपरेशन माहीत होतं, पण गुडघा कोणत्या टप्प्यावर आहे ते माहीत नव्हतं. नव्या मुलांना तर काहीच नाही. नी कॅप मी पँटच्या आत घातली. लीडरचा पाय अधू आहे हे कळलं तर मुलांचा धीर सुटेल, असं कारण मी मनाशी दिलं. दुसऱ्या कुणी माझ्या ट्रेकला येताना असं लपवलं असतं, तर मी त्याला पायथ्याच्या वाजेघर गावातल्या पारावरून परत पाठवलं असतं.

चढण सुरेख झाली. थंडी होती, मुलं गप्पांत होती, मी मुद्दाम सावकाश चालत होते. दरवाजाखालच्या उंच पायऱ्यांवर डावा पाय आधी टाकत, भिंतीला हात लावत वर आले. पद्मावती माचीवर देवळापाशी डबे उघडले. मुलं बालेकिल्ल्याला निघाली तेव्हा मी म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या, मी नाही येत, गुडघ्याला ताण नको.’ बालेकिल्ला नाकारला म्हणून मला त्या वेळी फार समाधान वाटलं. आपण किती विचारपूर्वक वागतो आहोत, असं वाटलं. खरं तर गुडघ्यासाठी जो निर्णय घ्यायचा तो पायथ्याशी घ्यायचा होता. माचीवर पोचलेल्या माणसाला उतरावंच लागतं. वरती बसून काय टाळलं, याला फारसा अर्थ उरत नाही.

उतरायला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. उजवा पाय आधी खाली, मग डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. पायरी उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, तोही साध्या, घरातल्या जिन्याच्या पायरीवर. पाली दरवाजाच्या काही पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच आहेत. कडा झिजलेल्या, मधली एखादी निखळलेली, तिथे खडी आणि माती. दरवाजाखाली थोडं उतरून आलो आणि माझी डावी मांडी थरथरायला लागली. महिनोन् महिने दोन पायांचं काम करत आलेला तो पाय. उभी राहिले की मांडीचा स्नायू आपोआप उडत होता, हात दाबून धरला तरी थांबेना.

तिथे मी बसायला हवं होतं. बसून खाली सरकत उतरता आलं असतं, हाक मारून कुणाचा तरी खांदा घेता आला असता. मी विचार केला, चार पायऱ्या पाय बदलून उतरू, डाव्याला जरा विसावा मिळेल. मुलं पुढे होती, वळणाआड त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी उजव्या पायावर उभी राहिले, डावा पाय खाली सोडला. खालचा दगड थोडा डावीकडे होता, म्हणून शरीर किंचित वळवलं. पाऊल टेकेना. आणखी वाकले. उजवा गुडघा काटकोनाच्या बराच पुढे गेला आणि आरशात जायचा तसा आत कलला. तेवढ्यात आत काहीतरी सरकलं. आवाज झाला की मला तसं जाणवलं, हे आजही सांगता येणार नाही. कळ मोठी नव्हती. मी खालच्या पायरीवर बसले, पाय लांब करायला गेले, आणि तो सरळ होईना. स्कूटरवरून पडले त्या दिवशी जसा झाला नव्हता, अगदी तसा.

पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं. हाका मारल्यावर मुलं परत वर आली. दोघांनी खांदे दिले. जिथे वाट दोघांपुरती रुंद नव्हती तिथे मी बसून, हातांवर सरकत उतरले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आम्ही अजून डोंगरात होतो. बॅटऱ्या तिघांकडेच होत्या, कारण अंधारापूर्वी गाडीत बसू असं मीच सांगितलं होतं. पहिल्यांदा आलेली ती मुलगी अंधारात घसाऱ्यावरून घसरली, तिचा तळहात सोलला. गावातले दोघे उजेड पाहून वर आले आणि शेवटचा टप्पा त्यांनीच मला आणलं. वाजेघरला पोचलो तेव्हा जेवणवेळही टळून गेली होती. माझी सॅक स्वतःच्या सॅकवर चढवून उतरलेल्या सोबत्याची पाठ नंतर कितीतरी आठवडे धरलेली होती. त्याने ती गोष्ट मला स्वतःहून कधी सांगितली नाही, त्याच्या बायकोकडून कळली.

गाडीत मी सगळ्यांना खरं सांगितलं. टाक्यांचं, महिन्यांचं, आरशाचं. कुणी काही बोललं नाही. त्या मुलीने फक्त विचारलं, ‘ताई, तुम्ही आधी का नाही सांगितलं?’ ती पुन्हा कुणाबरोबरही ट्रेकला गेलेली नाही. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे.

टाके सुटले होते. या वेळी गादी पुन्हा शिवण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सुटलेला भाग काढून टाकावा लागला. आणि मग माझ्या मित्राचं झालं होतं तसंच माझंही झालं: दीड-दोन महिन्यांत मी बिनदिक्कत चालायला लागले. लवकर बरं होण्याची जी घाई मला झाली होती ती अशी पुरी झाली. गादी गेली की हाडांवरचा भार कमी जागेत एकवटतो आणि पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढतो. सर्जनने मला रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी दोन्ही ऑपरेशनांची चित्रं शेजारी ठेवून दाखवली. पहिल्यात पांढरी, जाड, टाके घातलेली कड होती. दुसऱ्यात ती नव्हती.

आज मला जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. सिंहगड चढता येतो, पण चालून उतरत नाही, खाली येताना गाडी करते. पालीची वाट मी सोडून दिली आहे.

गड कसा आहे असं मला अजूनही लोक विचारतात. आता मी एका शब्दात उत्तर देत नाही. आधी विचारते, तुमचं वजन किती, शेवटचं मोठं आजारपण कधी झालं, ऑपरेशन झालं असेल तर कशाचं, आणि त्यात काय कापलं, काय शिवलं. मग वाटेबद्दल सांगते: सर्वांत उंच पायरी मांडीपर्यंत येते की नडगीपर्यंत, आधाराला भिंत किंवा रेलिंग आहे का, मधून परत फिरता येतं का, वर गाडी जाते का. राजमाची लोणावळ्याहून तुंगार्ली मार्गे अंतराने लांब आहे, पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण वाट बरीचशी सपाट आणि कुठेही मागे फिरता येण्यासारखी. दुखऱ्या गुडघ्याला ती पालीहून सोपी पडते. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी मात्र पाठीवरच्या सॅकचं वजन आधी बघायचं, पायऱ्या नंतर. काहींना हा चौकशीचा ससेमिरा वाटतो आणि ते दुसऱ्या ग्रुपबरोबर जातात. त्याला माझी हरकत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा गडावर जायचं असेल, तर त्या वाटेवरच्या सर्वांत उंच पायरीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गडाचं नाव घेऊन विचारा. आणि तुम्ही माझ्यासारखे लोकांना नेणारे असाल, तर एवढं माझ्यासाठी करा: तो पहिला ट्रेक स्वतः नेऊ नका. दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रेकला नाव द्या, निघण्यापूर्वी त्याला सगळं सांगा, आणि पायथ्याशी तो ‘तुम्ही थांबा’ म्हणाला तर थांबा.